सात नंबरची चावडी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या उत्कर्षा गावंडेला तिच्या कंपनीनं कामावरून काढलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. कंपनीला विचारायला गेलात तर तीही हेच सांगेल, आणि दुर्दैव असं की ते खोटं नाही.

मी स्वतः खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस. आमच्याकडे साहेब सांगायचा, आम्ही करायचो, आणि जेवणाच्या सुट्टीत साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. बाबांनो, तुमचं मत काय, असं आम्हाला कुणी कधी विचारलं नाही. त्यामुळे विश्वासघात वगैरे व्हायचा प्रश्नच आला नाही. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि बोपोडीत खाली दोन, वर दोन अशा खोल्या बांधल्या. वरच्या खोल्यांत उत्कर्षा आणि तिचा नवरा अवधूत भाड्यानं राहायला आले. दोघं दर्यापूरकडचे. अवधूत हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीची बस चालवतो, म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ तो बसमध्ये नुसता बसलेला असतो. उत्कर्षा भोसरीत कामाला होती. गाडीच्या आत रंगीबेरंगी वायरींचा जो जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हणतात. तो जुडगा बांधायचं काम तिची कंपनी करते. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं तर त्यांची फुकट जाहिरात व्हायची.

काही वर्षांपूर्वी तिथं सुदर्शन नावाचे नवे साहेब आले. तरुण माणूस. मला नावानं हाक मारा म्हणायचे. ते कुणाला जमेना, म्हणून मग 'सुदर्शन साहेब' असा मधला मार्ग निघाला. त्यांनी सात नंबरच्या लाइनवरचा सुपरवायझर उचलून दुसरीकडे टाकला आणि सगळ्यांना जमवून सांगितलं, "आजपासून या लाइनला सुपरवायझर नाही. ही लाइन तुमची. तुम्हीच चालवायची."

कुणी कुठल्या बोर्डवर, म्हणजे वायरी मांडायच्या फळीवर, उभं राहायचं, रजा कुणाला द्यायची, नव्या माणसाला कुणी शिकवायचं, माल खराब आला तर काय करायचं, सगळं लाइनवरच्या माणसांनी ठरवायचं. त्यासाठी रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि बोलायचं. साहेबांनी त्याला हडल असं नाव दिलं होतं. ते पहिल्याच दिवशी बायडाबाईनं मोडीत काढलं.

"हडल का बिडल, काय नाय. ही आपली चावडी हाय."

बायडाबाई मोशीची. सासरची चांगली बागायती जमीन होती, ती बिल्डरकडे गेली. पैसा आला तो घरातल्या पुरुषांच्या गळ्यातल्या साखळ्यांतून आणि दारातल्या गाड्यांतून बघता बघता वाहून गेला. बाई उतारवयात लाइनवर उभी राहून वायरींना टेप गुंडाळायला लागली. तोंडानं फटकळ, मनानं साफ. तिनं ठेवलेलं चावडी हे नाव इतकं रुजलं की पुढं साहेबही तेच म्हणायला लागले.

या चावडीचे नियम उत्कर्षानं घालून दिले. ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर हवा, माघारी बोलायचं नाही. त्यानं आधी सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि सगळ्यात शेवटी बोलायचं. आणि एकदा ठरलं की ठरलं, बाहेर जाऊन कुरकूर नाही. तिला कुणी प्रमुख नेमलं नव्हतं. घरात जशी एखादी सून न सांगता सगळ्याकडे लक्ष द्यायला लागते आणि मग सगळे तिलाच विचारायला लागतात, तसं झालं.

बायडाबाईचे गुडघे गेलेले. उभ्यानं काम होईना, हात मंदावला. दुसऱ्या कुठल्याही लाइनवर तिला केव्हाच घरी बसवलं असतं. इथं चावडीत विषय निघाला. संजय म्हणून एक जुना कामगार होता, लाइनच्या टोकाला बसून तयार हार्नेस तपासायचा. त्यानं भंगारातल्या पट्ट्या जोडून एक बुटकं टेबल केलं, आणि बायडाबाई बसून टेप मारायला लागली. लग्नसराई आली की बाकीच्या लाइनींवर एकदम साथ आल्यासारखी माणसं आजारी पडायची. सात नंबरवर कुणाच्या मावसभावाचं लग्न कधी आहे हे आधीच चावडीत ठरलेलं असायचं. खोटं बोलायची गरजच पडायची नाही. म्हणून लग्नसराईतही ती लाइन तशीच चालायची. माल परत यायचा बंद झाला. गाडीवाल्या कंपनीची माणसं सात नंबर बघायला यायची आणि फोटो काढून न्यायची.

खरं सांगतो, मला हेवा वाटायचा. जिन्यात उभी राहून ती "आमची लाइन, आमची लाइन" करायची, तेव्हा आमच्या सौ. कुसुमताई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "आमच्या ह्यांनी इतकी वर्षं नोकरी केली, पण कधी 'आमचा कारखाना' म्हटलं नाही. कायम 'तो कारखाना'."

मधे तिला चाकणच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. पगार जास्त. अवधूतनं पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, "माझी माणसं सोडून कुठं जाऊ?" मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, लाइन कंपनीची आहे. मालकानं किल्ली दिली ती दार उघडायला दिली, घर नाही दिलं."

"काका, तुमचा जमाना गेला," ती हसून म्हणाली आणि वर निघून गेली. एवढी खात्री असलेल्या माणसाशी वाद तरी काय घालणार?

मग ज्या गाडीसाठी हा माल जायचा ती गाडीच कमी खपायला लागली. प्रत्येक लाइनवरचं एक माणूस कमी करायचं असा वरून हुकूम आला. बाकीच्या लाइनींवर सुपरवायझरनी नावं दिली. आरडाओरडा झाला, युनियनवाल्यांनी गेटवर घोषणा दिल्या, काढलेल्या माणसांनी साहेबांची आई-बहीण काढली आणि ती गेली. सात नंबरला नाव द्यायला सुपरवायझरच नव्हता. तिथं सुदर्शन साहेब स्वतः चावडीत येऊन उभे राहिले.

"सात नंबरला मी वरून नाव देणार नाही," ते म्हणाले. "तो तुमचा अपमान होईल. इथले सगळे निर्णय तुम्ही घेता, हाही तुम्हीच घ्या. आय ट्रस्ट यू."

हे उत्कर्षानं मला घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं बये, हा अधिकार नाही," मी ओरडलोच. "हे घाण काम आहे आणि ते तुमच्या हातून करून घेतायत. सरळ नाही म्हणून सांग."

"नाही म्हटलं तर ते ठरवतील. आणि त्यांनी ठरवलं तर बायडाबाईच जाणार. कॉम्प्युटरवर तीच सगळ्यात स्लो दिसते. चावडीच्या हातात आहे तोवर तिला कुणी हात लावत नाही." मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "आणि कुणालाच जावं लागणार नाही, काका. माझ्याकडे उपाय आहे."

उपाय साधा होता. काम कमी झालंय ना, मग सगळ्यांनी आळीपाळीनं घरी बसायचं. ज्याची पाळी असेल त्याचा त्या दिवसाचा पगार नको. सगळ्यांचं थोडं थोडं जाईल, पण कुणाचं सगळं जाणार नाही. चावडीत तिनं हे मांडलं. थोडी कुजबुज झाली, कारण पोटाला चिमटा सगळ्यांनाच बसणार होता. पण पहिला हात संजयनं वर केला आणि मग सगळ्यांनी केला. बायडाबाईनं दोन्ही केले. उत्कर्षा सांगत होती, एखादं लग्न ठरल्यासारखं वाटलं सगळ्यांना.

ती तशीच तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी सगळं नीट ऐकलं.

"ब्रिलियंट," ते म्हणाले. "खरंच, उत्कर्षा. पण पगार आणि हजेरी हे टीमच्या स्कोपमध्ये येत नाही ना. तो पॉलिसीचा विषय आहे. तुम्ही फक्त नाव ठरवायचंय."

"पण सगळ्यांनी मिळून ठरवलंय, साहेब."

"नाव ठरवा. तुम्ही जे ठरवाल ते मी मान्य करीन. हा माझा शब्द."

त्या दिवशी ती घरी आली ती जिना चढून वर गेलीच नाही. पहिल्या पायरीवरच बसली. कुसुमनं चहा आणून दिला, तो तसाच निवत राहिला. रागावली की तिच्या बोलण्यात वऱ्हाडी येते. "काहून जी काका, रजा आम्हीच द्यायचो ना एकमेकाले? मंग हजेरी आमची नव्हती? काहीच नव्हतं आमचं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. 'मी सांगत होतो' हे तीन शब्द जिभेच्या टोकावर होते. तिचं तोंड बघून गिळले. एवढंच म्हटलं, "उद्या जाऊ नकोस. ताप आलाय म्हणून कळव. दोन-चार दिवस घरी बस. तेवढ्यात त्यांनाच काहीतरी ठरवावं लागेल."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला चोरी करायला सांगत होतो. "उद्या चावडी आहे काका," ती म्हणाली.

आता इथं दुसऱ्या कुठल्याही लाइनवरच्या माणसांनी काय केलं असतं? गप्प बसली असती. साहेबांच्या तोंडावर हो म्हणून कुणाचंच नाव दिलं नसतं. गेटवर जाऊन बसली असती. पण या सात नंबरच्या वेड्यांना चावडीची इतकी सवय झाली होती, चावडीवर त्यांचा इतका जीव होता, की समोर विषय आला म्हणजे त्याचा निकाल लावायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आपण निर्णय घेतला नाही तर आपण खोटे ठरू, असं त्यांना वाटलं. साहेबानं नेमकी ती नस पकडली होती.

त्या सकाळी काय घडलं ते मला उत्कर्षानंही सांगितलं आणि पुढं संजयनंही. दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नव्हता. सगळे गोल करून उभे राहिले. बायडाबाई तेवढी तिच्या टेबलाशी बसून. उत्कर्षाच्या मनात होतं की आता कुणीतरी म्हणेल, आम्ही नाव देणार नाही, काय करायचं ते करा. मग सगळेच तसं म्हणतील. स्वतःहून ती हे बोलणार नव्हती. चावडीला आपण वळवायचं नाही, असं तिचं तिनंच ठरवून ठेवलेलं.

मग बायडाबाई बोलली.

"मी सांगते. उत्कर्षाचं नाव द्या."

कुणीतरी "काय?" म्हणालं.

"काय म्हंजी? खरं त्ये बोलते. तिला कुठंबी काम मिळंल. तिला बोलता येतंय, शिकवता येतंय, साहेबासंगं विंग्रजीत भांडता येतंय. तिचा नवरा बी कमावता हाय. आपल्याला कोण घेतंय? माझ्या या गुडघ्याला कोण घेतंय? तिचं काय बी आडणार न्हाय. आपलं आडंल."

ती हे आकसानं बोलली नाही. चावडीत मनातलं बोलायचं असतं म्हणून बोलली. मग एकानं मान हलवली. मग दुसऱ्यानं. प्रत्येकाच्या घरी काहीतरी होतं, आणि प्रत्येकाला वाटलं, खरंच, हिचं कुठंही भागेल. संजयनं सगळ्यात शेवटी मान हलवली, तीही आपल्या बुटांकडे बघत.

आता जिच्याबद्दल बोलणं झालं तिनं शेवटी बोलायचं होतं. नियम तिचाच. ती म्हणाली, "मान्य आहे."

तिला शेवटपर्यंत वाटत होतं की साहेब ऐकणार नाहीत. केबिनच्या काचेचं दार ढकलताना तिच्या डोक्यात होतं की ते खुर्चीतून उठतील आणि म्हणतील, तुम्हाला कसं जाऊ देऊ, तुमच्याशिवाय ही लाइन उभी तरी राहिली असती का. साहेब खुर्चीतून उठले, हे खरं. त्यांनी हात पुढे केला.

"आय अ‍ॅम प्राउड ऑफ धिस टीम," ते म्हणाले. "फार मॅच्युअर डिसिजन आहे."

"साहेब, तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या मताला इथं महत्त्व नाही, उत्कर्षा. हेच तर आपण इतकी वर्षं शिकलो ना?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. आमच्या वेळचा साहेब तोंडावर नालायक म्हणायचा आणि दार दाखवायचा. त्याला निदान शिव्या घालता यायच्या. यानं हात मिळवला. मी या माणसाला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, पण दिसला असता तर म्हातारपणी पोलीस चौकी बघायची वेळ माझ्यावर आली असती.

काही दिवसांनी बायडाबाई आमच्या घराच्या फाटकात उभी राहिली. मोशीच्या उरल्यासुरल्या तुकड्यातली वांगी पिशवीत भरून आणलेली. मी फाटक उघडणारच नव्हतो. उत्कर्षानं वरून पाहिलं, खाली आली, तिला हाताला धरून एकेक पायरी चढवत वर घेऊन गेली. चहा केला. गुडघ्याला कुठलं तेल लावतेस ते विचारलं. मी खाली कान देऊन उभा होतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

"रागावलीस व्हय गं माझ्यावर?" बायडाबाईनं विचारलं.

"नाही."

"तूच सांगायचीस, चावडीत मनात ठिवायचं न्हाय."

"हो. मीच सांगायचे."

बाई गेल्यावर उत्कर्षा खाली आली. वांग्यांची पिशवी तिनं कुसुमच्या हातात दिली. तिला ती घरात ठेववेना. "काका, बाकीच्या लाइनींवरून जी माणसं गेली ना, ती साहेबाला शिव्या देत गेली. मी कुणाला देऊ? आपलेच दात अन् आपलेच ओठ. साहेबानं मला काढलं असतं तर मी भांडले असते. त्यानं माझ्याच माणसांच्या तोंडून माझं नाव काढून घेतलं." आणि मग ती रडली. कंपनी सुटल्यापासून पहिल्यांदाच. कुसुम तिला आत घेऊन गेली आणि मी बाहेर पिशवीतली वांगी बघत बसलो. वांगी फार ताजी होती, त्याचाही मला राग आला.

संजय अधूनमधून यायचा. तो सांगायचा, चावडी अजून भरते, साहेबांचा तसा हुकूमच आहे. सगळे गोल करून उभे राहतात. कुणीतरी म्हणतं, "सगळं ठीक." सगळे मान हलवतात आणि आपापल्या जागी जातात. कुणाबद्दल काही बोललं तर उद्या आपल्याबद्दल बोलतील, ही धास्ती. लग्नसराई आली तशी सात नंबरवरही माणसं आजारी पडायला लागली. खराब माल परत यायला लागला. कुणी कुणाला शिकवेना, कारण ज्याला सगळं येतं तोच पहिला जातो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी त्या लाइनवर पुन्हा सुपरवायझर आणून बसवला.

तोवर सुदर्शन साहेब तिथं नव्हते. त्यांना मोठा कारखाना मिळाला होता. जाण्याआधी त्यांनी वरच्या लोकांपुढं भाषण केलं, पडद्यावर चित्रं दाखवली. कामगारांना अधिकार दिले की ते कठीण निर्णयसुद्धा स्वतःहून घेतात, असा विषय. त्यात चावडीचा फोटो होता आणि फोटोत मधोमध उत्कर्षा हसत उभी होती. संजयनं हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. अवधूतच उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. कामापुरता मामा ही म्हण मी आयुष्यभर वापरत आलो, पण मामाचा फोटोसुद्धा वापरतात हे मला नवीन होतं.

बायडाबाईचं एक म्हणणं खरं ठरलं. उत्कर्षाला काम मिळालं. चाकणलाच. तिथल्या मॅनेजरनं तिला सांगितलं, आमच्याकडेही टीमलाच निर्णय घेऊ देतो, तुम्ही टीम लीडर व्हा. ती म्हणाली, "नको साहेब. मला बोर्डवर उभं करा. काय करायचं ते सांगा, तेवढं करीन." त्यानं तिला बोर्डवर उभं केलं.

आता ती वेळेवर जाते आणि वेळेवर येते. कामाबद्दल चकार शब्द काढत नाही. मध्यंतरी कुसुमनं विचारलं, तुझ्या बाजूला काम करणाऱ्या बाईचं नाव काय गं? उत्कर्षाला सांगता येईना. कुसुमनं विषय बदलला.

परवा ती आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. कंपनी सुटल्यापासून ती तिथं बसत नसे, सरळ वर जायची. म्हणून मी पेपर खाली ठेवला.

"काका, आज शेजारच्या बोर्डवरची बाई सकाळपासून एक वायर चुकीच्या खाचेत बसवत होती. मला दिसत होतं."

"मग सांगितलंस ना तिला?"

"सुपरवायझर आहे ना ते बघायला." तिनं चप्पल काढून बाजूला ठेवली. "संध्याकाळी सगळ्यांसमोर तिला बोलणी बसली. दिवसभराचा माल वाया गेला म्हणून. ती रडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी पर्स उचलली. बस चुकेल म्हणून."

ती माझ्याकडे बघत होती. मी रागवावं, काहीतरी लागेल असं बोलावं, याची वाट बघत असल्यासारखी.

"आणि काका, मला वाईटच वाटलं नाही. बसमध्ये सगळा रस्ताभर मी वाट बघितली, आता वाटेल, आता वाटेल. वाटलंच नाही." मग तिनं लहान मुलीच्या आवाजात विचारलं, "आधी वाटलं असतं ना हो मला?"

"वाटलं असतं," मी म्हणालो. "जेवली नसतीस तू आज."

तिनं मान हलवली आणि स्वयंपाकाला उशीर होतोय म्हणून ती उठून वर गेली.